रिकामी गाडी उंच असते

टेम्पो बोलावताना गिऱ्हाईक सगळं विचारतं. माल किती मावेल, किती वाजता येणार, हमाल तुमचे का आमचे. उंची कोणी विचारत नाही. "रस्ता मोप रुंद हाय, बिनधास्त या," असं फोनवर सांगतात. रस्ता रुंद असतोच. पण वर केबलवाल्याची वायर लोंबत असते, कुणाच्या तरी वाढदिवसाची कमान उभी असते, दुकानाचा पत्रा रस्त्यावर आलेला असतो. पायी चालणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण ते त्याच्या डोक्याच्या फार वर असतं. माझ्या गाडीच्या मात्र ते बरोबर टपाला, म्हणजे छताला, असतं. आता तर सवयच जडली आहे. लग्नाला गेलो तरी मी आधी मांडवाची उंची बघतो आणि मग नवरा-नवरीला.

मी बंद बॉडीचा टेम्पो चालवतो. राहायला लातुरात, आणि नांदेड-लातूर ही रोजची वाट. या अंकाच्या संपादकांनी घर बदललं तेव्हा त्यांची पुस्तकांची खोकी माझ्याच गाडीतून आली. खोकी उतरवता उतरवता मी त्यांना एक हकिकत सांगितली, तर म्हणाले, "हे लिहून द्या." मी म्हणालो, "साहेब, मी आठवी अर्ध्यात सोडलेला माणूस. गणिताच्या भीतीनं सोडली." ते म्हणाले, "मग गणित वगळून लिहा." आता त्या हकिकतीत सगळं गणितच आहे, त्याला मी काय करणार?

गाव माझं हिमायतनगर तालुक्यात, पार कडेला. शाळा सुटली तसा नांदेडला आलो, गाडीवर क्लीनर झालो, पुढं लायसन काढून ड्रायव्हर झालो आणि एका वर्षात दोन मालकांनी मला काढून टाकलं. चोरी नाही, दारू नाही, ठोकाठोकी तर नाहीच. मी भितो, एवढंच कारण. चढावर भितो, गर्दीत भितो. गाडी मागं घ्यायची तर खाली उतरून बघून येतो, परत बसतो, आणि तेवढ्यात एखादं कुत्रं येऊन झोपलं असेल म्हणून पुन्हा उतरतो. दुसरा मालक शेवटी म्हणाला, "तू गाडी चालवून राहिला का गाडीला प्रदक्षिणा घालून राहिला?" आणि चावी मागून घेतली.

तेव्हा कुणीतरी सांगितलं, लातूरला रशीदचाचांना ड्रायव्हर पाहिजे. ओळख ना पाळख, पिशवी घेऊन गेलो.

चाचांचा टेम्पोच्या बॉड्या बांधायचा कारखाना, वडिलांच्या वेळेपासूनचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या बांधून झाल्यावर त्यांनी एक गाडी स्वतःसाठी घेतली होती आणि तिची बॉडी बाजारातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा वीतभर उंच बांधली होती. "दुसऱ्याच्या गाडीत कपाट झोपून जातं," ते सांगायचे, "अपल्या गाडीत खडं जातं. इज्जतीत." टपाला त्यांनी स्वतःच्या हातानं पांढरा रंग दिला होता. टप कोणाला दिसतो? पण चाचांना माहीत होतं ना, तो तिथं आहे म्हणून.

त्यांनी मला बसवून सांगितलं, "एक महिना बघतो. बाजूनं घासली, माफ. पुढून घासली, माफ. गर्दी हाय, होतं. पण टपाला ओरखडा आला तर मी समजीन, हा पोरगा वर न बघता चालवतो. मग मियाँ, तू तुझ्या गावाला, मी माझ्या कामाला."

कारखान्याच्या मागं झोपायला खोली दिली. जेवण चाचीच्या हातचं. दोन मालकांनी हाकललेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी घरी फोन करून आईला सांगून टाकलं की नोकरी पक्की झाली. आईनं ते गावात सांगितलं, मावशीनं तिच्या गावात. म्हणजे महिन्याचा अजून तिसराच हप्ता चालू होता आणि अर्ध्या तालुक्यात मी पक्का होतो. फक्त लातुरात नव्हतो.

त्या तिसऱ्या हप्त्यातच नांदेडहून एका क्लासचा माल आणायचं भाडं आलं. लोखंडी बेंच आणि छापलेल्या नोट्सचे गठ्ठे. लातुरात क्लास किती आहेत हे मी सांगायला नको, गल्लीत पाच घरं असतील तर सहा क्लास असतात. या क्लासची इमारत नवी होती. दर्शनी भिंतीवर क्लासच्या मालकांचा, म्हणजे मोठ्या सरांचा, दोन मजले उंच फोटो होता, हाताची घडी घालून.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडीच्या चाकांवर लोखंडी पाटे असतात, एकावर एक रचलेल्या पट्ट्या. माल भरला की पाटे दबतात आणि गाडी बसते. म्हणून गाडीची उंची कागदावर एक असते आणि रस्त्यावर दुसरी. हे मला ठाऊक होतं. मी काही अगदी येडा नव्हतो. माझ्याकडं एक बांबूची काठी असायची. नांदेडला माल भरून झाला तसं मी ती गाडीला उभी लावली आणि टपाच्या बरोबरीला लाल दोरा बांधला. दुसरे ड्रायव्हर रिकामी गाडी मोजतात. मी भरलेली मोजली, तीही दोनदा. इतकं अचूक काम शाळेत केलं असतं तर शाळा सुटली नसती, असं वाटून मी स्वतःवर जरा खूश झालो. तिथंच सगळा घोळ झाला.

क्लासच्या दारात वॉचमन होते सोपानमामा, रेणापूरकडचे. मिशा पांढऱ्या, शिट्टी गळ्यात. ते म्हणाले, "हितं रोडवर लावू नको, पोलीस उचलून नेतील. खाली पार्किंगमध्ये घाल. लिफ्ट खालीच हाय."

खाली म्हणजे इमारतीच्या पोटात. उतार उतरला की शेवटी सिमेंटचा एक आडवा बीम आणि त्याच्या पलीकडं पार्किंग. उंचीचा आकडा लिहिलेला बोर्ड होता, पण त्यावर 'हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स ताणून बांधला होता. मी मामांना विचारलं, "आकडा किती हाय?"

"आकडा फ्लेक्सच्या खाली गेला. सर म्हणले, पोरांचे फोटो दिसायला पाहिजेत."

मग मी काठी घेऊन पायी उतरलो. दोरा बीमच्या दोन बोटं खाली राहिला. परत वर आलो, परत गेलो, परत मोजलं. दोन बोटं. सोपानमामा म्हणाले, "आरं, बीम काय वाढायलाय का?" मी गाडी घातली. पाऊल पाऊल घातली. मामा शिट्टी वाजवत पुढं. बीमखालून टप सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसा गेला. मला इतका आनंद झाला की खाली उतरून मी मामांना नमस्कार केला.

हमालांनी तासाभरात माल उतरवला. मी त्या वेळात मामांबरोबर चहा पीत होतो. बेंच लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेले, गठ्ठे फोडून पोरांना वाटले, हमाल दुसऱ्या भाड्याला पळाले. मी गाडी वळवली, उताराला लावली आणि बीमखाली गेलो, तर वरून आवाज आला. खर्रर्र.

तो आवाज मला आजही कधीकधी जेवताना ऐकू येतो.

गाडी मागं घेतली. काठी लावली. दोरा जिथं होता तिथंच होता, पण टप दोऱ्याच्या पाच बोटं वर गेला होता. माल उतरला, पाटे मोकळे झाले, गाडी उठली. येताना दोन बोटं जागा होती, आता तीन बोटं कमी पडत होती. भरलेली गाडी आत येते, रिकामी बाहेर जात नाही. मी जाताना काय होईल हे सोडून बाकी सगळं मोजलं होतं.

शिडी नव्हती म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खुर्ची ठेवून वर बघितलं. पांढऱ्या रंगावर हातभर लांब ओरखडा. मी खाली उतरून त्याच खुर्चीवर बसलो.

सोपानमामा वर चढून बघून आले. म्हणाले, "वरचं कोण बघतंय? गप राहायचं. आधी निघायचं बघ. चाकाची हवा सोड."

सोडली थोडी. गाडी अर्धं बोट बसली. आणखी सोडली असती तर रिम जमिनीला टेकली असती. "मामा, बेंच परत भरू," मी म्हणालो.

"बेंचवर पोरं बसली. टेस्ट चालू हाय."

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि मोठे सर बाहेर आले. फोटोत दिसतात त्यापेक्षा रुंद. त्यांची गाडी माझ्या टेम्पोच्या मागं कोंडली होती आणि बारा वाजता गावातल्या एका सभागृहात त्यांची पालकसभा होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा ड्रायव्हर, तुमची गाडी आत आली ना? मग बाहेर का जात नाही?"

"सर, ती आता उंच झालीय."

"गाडी उंच होते?"

"हाव सर. रिकामी झाली की होते."

सरांनी मामांकडं बघितलं. मामांनी मान हलवली, जसं काही रेणापूरला रोजच गाड्या उंच होतात. सर म्हणाले, "तुमच्या मालकांचा नंबर द्या."

मी दिला. नाही म्हणण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. सरांनी लावला. घंटी वाजत राहिली. कारखान्यात पत्रा कापायचं मशीन चालू असलं की चाचांचा फोन कपाटात असतो. ती घंटी वाजेपर्यंत मी मनातल्या मनात पिशवी भरून हिमायतनगरच्या गाडीत बसलो होतो. फोन उचलला गेला नाही. "पाच मिनिटांनी परत लावतो," सर म्हणाले.

माझ्याकडं पाच मिनिटं होती. भितऱ्या माणसाचं डोकं अशा वेळी बंद पडतं, माझंही पडलं होतं. पण तेवढ्यात वर घंटा झाली, एका बॅचची सुट्टी झाली आणि जिन्यावरून पोरं खाली यायला लागली. दहा, वीस, तीस. मी त्यांच्याकडं बघत राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं, "माल आला."

सरांना पटवायला वेळ लागला. पटवलं ते फिजिक्सच्या सरांनी. ते बारीक, चष्मेवाले, पोरांच्या मागून खाली आले होते. त्यांनी खिशातून पेन काढून खांबावरच गणित मांडलं. उतरलेल्या मालाचं वजन, बोटांचे सेंटीमीटर, सगळं मला विचारून घेतलं. आठवी अर्ध्यात सोडल्यापासून मला गणितात कोणी काही विचारलं नव्हतं. शेवटी रेघ मारून ते म्हणाले, "सतरा विद्यार्थी. प्रत्येकी साठ किलो धरून."

मी पोरांकडं बघितलं. म्हटलं, "सर, मेसचं जेवून साठ किलोचं पोरगं कुठून येऊन राहिलं?"

पोरं हसली, पण चढायला कोणी तयार होईना. तेव्हा मागून एक मुलगी पुढं आली आणि मला म्हणाली, "मामा, तुम्ही हिमायतनगरकडचे का?"

"हाव. कशावरून?"

"तुमच्या बोलण्यावरून. मी उमरीची. इथं मी असं बोलले की सगळे हसून राहतात." आणि दप्तर मैत्रिणीकडं देऊन ती पहिली चढली. मागं वळून म्हणाली, "या ना रे. कुणाला टेस्टमधून वर यायचंय, तर कुणाला पार्किंगमधून."

मग रांग लागली. मी एकेकाला मोजून आत घेतलं, पार खाली बसवलं, कुणी उभं राहायचं नाही, दाराला हात लावायचा नाही, वीस पावलांचा प्रवास आहे. सतरा बसली. काठी लावली. एक बोट कमी. सगळी पुढच्या भिंतीला चिकटून बसली होती. "मागं सरका," मी ओरडलो, "चाकावर बसा, चाकावर!" सरकली. अर्धं बोट कमी. आणखी सहा घेतली. तेवीस झाली. काठी लावली. आता जागा एका कागदाएवढी कमी होती.

फिजिक्सचे सर खांबावरचं गणित परत तपासत म्हणाले, "माझं उत्तर बरोबर आहे. पोरं चूक आहेत."

आतली जागा संपली होती. फक्त दाराजवळ, बरोबर मागच्या चाकावर, एका माणसाची जागा होती. मोठ्या माणसाची. सगळे हळूहळू मोठ्या सरांकडं बघायला लागले.

"मी?" सर म्हणाले.

सोपानमामा हात जोडून म्हणाले, "सर, हे तुमच्याच्यानंच होईल."

सरांनी घड्याळ बघितलं. मग बूट काढले, का ते मला अजून कळलेलं नाही, आणि स्टुलावरून गाडीत चढले. गाडी कण्हली आणि बसली. काठी लावली. टपाला बीम दिसत होता, बीमला टप लागत नव्हता.

मी गाडी सुरू केली. फिजिक्सचे सर काठी धरून बाजूनं, मामा शिट्टी तोंडात धरून मागं. आत अंधार. तेवढ्यात मोठ्या सरांचा आवाज आला, "गडबड नको. जडत्वाचा नियम कोण सांगेल?" कुणीतरी सांगायला सुरुवात केली. त्याच वेळी टप बीमखाली आला म्हणून माझा पाय भीतीनं ब्रेकवर गेला आणि चोवीस माणसं एकदम पुढं घसरली. आतून कण्हण्याचा आवाज, मग मोठे सर म्हणाले, "कळला का सगळ्यांना?"

बीम गेला. आवाज नाही. चढ आला. चढाला मी गाडी थांबवली असती तर ती मागं गेली असती, आणि मागं सोपानमामा होते. दात आवळले, क्लच धरला, जळका वास सुटला आणि गाडी उन्हात आली.

दारात ॲडमिशनसाठी आलेले पालक उभे होते. त्यांच्या समोर टेम्पोचं दार उघडलं आणि आतून मोठे सर उतरले, मोज्यांवर. वर भिंतीवर त्यांचाच फोटो, हाताची घडी घालून. सरांनी एक क्षण विचार केला, शर्ट सारखा केला आणि म्हणाले, "प्रात्यक्षिक होतं."

पालकांनी माना डोलावल्या. त्या दिवशी दोन ॲडमिशन जास्त झाल्या असं मामा सांगत होते. सरांनी परत काही चाचांना फोन लावला नाही.

मी पोरं मोजून उतरवली. तेवीस आणि सर, चोवीस चढले होते. उतरले पंचवीस. परत मोजले, पंचवीस. मी पुढं जाऊन बसलो त्या वेळात कुणीतरी मजेनं चढलं असणार. उमरीची मुलगी म्हणाली, "मामा, सोडा ना, जास्त आहे तर." पण मी सगळ्यांना ओळीत उभं करून एक-दोन-तीन म्हणायला लावलं. मगच त्यांना जाऊ दिलं. ती दप्तर घेऊन निघाली तेव्हा तिला काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटलं, पण सुचलं नाही. "नीट अभ्यास कर," असं म्हणालो. हे तर तिला सगळेच सांगत असतील.

चाकात हवा भरून निघालो. सोपानमामा खिडकीशी येऊन म्हणाले, "ओरखड्याचं बोलायचं न्हाई बर का. टपावर कोण चढतंय?" खरंच कोणी चढत नाही. रंगाची छोटी डबी घेऊन गुपचूप हात मारला असता तर चाचांना कधी कळलं नसतं. पण खोटं बोलून शांत झोपायला जी हिंमत लागते, ती माझ्यात नाही. वाटेत मी पहिलं वाक्य जुळवत होतो. "चाचा, एक गोष्ट झाली" म्हणावं का "चाचा, माझं चुकलं" म्हणावं? कारखान्यात पोचलो तर मशीन बंद होतं आणि चाचा समोरच हात धूत होते. माझ्या तोंडून निघालं, "चाचा, मी गावाला जातो."

"का? कोण आजारी हाय?"

मग सगळं सांगितलं, बीम, दोरा, पाच बोटं, पोरं, मोठे सर. चाचांनी हात पुसले. शिडी लावली, वर चढले. बराच वेळ वरच होते. बोटानं ओरखडा चाचपल्याचा आवाज खाली येत होता. मी खाली उभा होतो. दारात चाची पदराला हात पुसत उभी होती.

वरूनच चाचांनी विचारलं, "पोरं किती बसवली?"

"तेवीस. आन सर."

"मोजून चढवली?"

"हाव."

"मोजून उतरवली?"

"दोनदा. मग नंबर म्हणायला लावले. चोवीस चढले होते चाचा, पंचवीस उतरले."

चाचांनी शिडीवरून वाकून माझ्याकडं बघितलं. "जास्त निघाले ना? कमी तर न्हाई?"

"न्हाई."

ते खाली उतरले. शिडी भिंतीला लावली, हात परत धुतले. चाचीला म्हणाले, "ह्याला वाढ. सकाळपासून उपाशी दिसतो." आणि मग माझ्याकडं न बघता, "उद्या उमरीचा माल हाय. साडेसहाला गाडी काढ."

मी जेवलो. रात्रभर झोप आली नाही, पण ते भीतीनं नव्हतं. सकाळी पावणेपाचला मी गाडीला प्रदक्षिणा घालत होतो.